अनुबोधपट आणि आत्याचे जाते

"मामा, पण ह्यात इतिहास कुठं आहे?"

भाच्याने हा प्रश्न मला गोदावरीच्या घाटावर, चैत्रातल्या ऐन दुपारी विचारला आणि खरे सांगायचे तर मी निरुत्तर झालो.

गंगाखेडवर एक छोटासा अनुबोधपट काढायचा, असा आम्हा मामा-भाच्यांचा बेत होता. बेत म्हणजे काय, मी एकदा जेवताना बोलून गेलो आणि त्याने ते मनावर घेतले. त्याच्यापाशी कॅमेरा होता, माझ्यापाशी निवृत्त माणसाचा वेळ होता. एवढ्या भांडवलावर आम्ही बाहेर पडलो. संत जनाबाईचे मंदिर टिपून झाले, घाटाच्या पायऱ्या झाल्या, अस्थिविसर्जनाला आलेली माणसे अदबीने लांबूनच घेतली, उन्हाने आटलेले पात्र आणि वाळूतून वाट काढणारी पाण्याची धार झाली. तिसऱ्या दिवशी घाटावरच्या सावलीत बसून त्याने ते सगळे मला कॅमेऱ्याच्याच इवल्याशा पडद्यावर दाखवले. चित्रे देखणी होती, यात शंका नाही. पण गावाचे नाव झाकले असते, तर ती पैठणची म्हणून खपली असती, नांदेडची म्हणूनही खपली असती.

मग आम्ही इतिहास शोधायला धारासूरला गेलो. गंगाखेड तालुक्यातच, गोदाकाठी, गुप्तेश्वराचे जुने देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहून भाचा हरखला. "हा बघा मामा, हा इतिहास!" म्हणाला. मीही हरखलो. पण परतताना मनात एक विचार घोळत राहिला. दगड दिसला की आपल्याला इतिहास दिसतो. ज्या गावात दगड उरला नाही, त्या गावाला मग इतिहास नाही म्हणायचे काय?

वाचकहो, ही खोड आमच्या एकट्यांची नाही. मराठवाड्यात कॅमेरा आला तोच मुळी दगडांसाठी आणि दरबारासाठी. आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामाच्या पदरी लाला दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता. त्यांच्या काचेवर वाडे उतरले, शिकारी उतरल्या, सरदार-उमराव उतरले. पुढे १९१४ साली संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले. त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत जे ग्रंथ सिद्ध केले, त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु अजिंठ्याच्या भिंतीवर काय आहे हे ज्या काळात जगाला कळले, त्याच काळात अजिंठ्याखालच्या खेड्यात पहाटे कोण काय म्हणत होते, हे टिपायला कोणी गेले नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलिस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. हैदराबादेत शिरणाऱ्या फौजा आणि जनरल चौधरी आपल्याला जुन्या वार्तापटांत आजही पाहायला मिळतात. पण स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन गावोगाव ज्यांनी घरेदारे सोडली, त्यांतल्या बहुतेकांचे साधे छायाचित्रही घरात सापडत नाही.

तेव्हा भाच्याचा प्रश्न तसा चुकीचा नव्हता. फक्त तो कॅमेऱ्याला विचारायचा होता.

गंमत अशी की, आपल्याकडे चलच्चित्राची सुरुवात राजवाड्यातून झालेलीच नाही. ल्युमिए बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मराठी छायाचित्रकाराने इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये, पहिले चित्रण केले. कशाचे? दोन पैलवानांच्या कुस्तीचे! पुढे माकडांना खेळ शिकवणाऱ्या माणसाचे केले, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे केले. म्हणजे भारतीय माणसाने घेतलेले पहिले चलच्चित्र हा अनुबोधपट होता, आणि त्याचा नायक लाल मातीतला गडी होता. दुर्दैव एवढेच की, त्या फिती आज उरल्या नाहीत.

दादासाहेब फाळक्यांचेही तसेच. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याआधी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी काय दाखवले? कुंडीत पेरलेला वाटाणा रुजून त्याचा वेल कसा वाढतो, ते रोज थोडे थोडे टिपून दाखवले. हे फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. आमची गोदावरी उगम पावते तेथेच. घाटावर बसल्या बसल्या मी भाच्याला म्हणालो, "अरे, ह्याच पाण्याच्या उगमापाशी तुझ्या धंद्याचा मूळपुरुष जन्मला. त्यानं वाटाण्यापासून सुरुवात केली. आपण देवळापासून केली, तिथंच चुकलं."

पण माझे मन याहून मागे गेले. कॅमेरा नव्हता तेव्हा मराठी माणसाने अनुबोधपट काढला नाही, असे थोडेच आहे? श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने काय केले ते पाहा. स्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्यापाशी तो गेला, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले, आणि कोण कोठे बसले होते, काय जेवले, काय बोलले, ते साध्या बोलीत उतरवले. तेच 'लीळाचरित्र'. त्यात मला सर्वांत थोर वाटते ती एक गोष्ट. एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर एक पुसून दुसरी ठेवावी, असे या परंपरेने केले नाही. ही अमक्याची वासना, म्हणजे अमक्याच्या आठवणीतला पाठ, अशी नोंद करून दोन्ही ठेवल्या. पुढे 'स्थानपोथी' झाली. स्वामी ज्या गावी गेले तेथे देऊळ कोठे, दार कोणत्या दिशेला, स्वामी बसले ते ठिकाण कोणते, याचीच ती पोथी. चित्रीकरणाला निघण्यापूर्वी हल्लीची मंडळी जागांची जशी यादी करतात, तशीच. फरक एवढाच की, ही यादी भक्तीने केलेली होती.

आणि आमची जनाबाई? परंपरा सांगते की ती गंगाखेडची. बाप दमा, आई करुंड. पोर वयात पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांची दासी म्हणून जन्म काढला. तिच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेत मिळतात. त्यांतून विठ्ठलाला क्षणभर बाजूला ठेवले, तर काय उरते? झाडलोट उरते, शेणी वेचणे उरते, पाणी भरणे, धुणे, कांडण आणि दळण उरते. चौदाव्या शतकातल्या एका मोलकरणीचा सबंध दिवस उरतो. त्या काळच्या कोणत्या राजाने किती गावे इनाम दिली, ते ताम्रपटांवर आहे. मोलकरीण पहाटे उठून काय करत होती, हे मात्र तिलाच सांगावे लागले, आणि तिने ते सांगून ठेवले.

हे सुचल्यावर मी भाच्याला म्हटले, "चल, देऊळ पुरे झाले. आत्याकडे जाऊ."

माझी आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. आमच्या आळीत जात्यावरच्या ओव्या सबंध म्हणणारी ती शेवटचीच. तिचे जाते न्हाणीपाशी उपडे पडले होते. त्याच्यावर कपडे आपटत. ते आम्ही दोघांनी उचलून अंगणात आणले. खुंटा केव्हाच गेला होता. बाभळीचा नवा तासून ठोकला. जात्याला टाकी लावून देणारा माणूस गावात शोधून मिळेना, तेव्हा शेजारच्या खेड्यातून बोलावला. भाच्याला उजेड हवा म्हणून सकाळी दहाला, स्वच्छ उन्हात, आत्याला नऊवारी नेसवून जात्यापाशी बसवले. ज्वारी सुपात, कॅमेरा समोर, आम्ही दोघे श्वास रोखून.

आत्याने एक घास घातला, दोन फेरे दिले आणि हात थांबवला.

"काय करायलास रे हे? उन्हात कुणी दळतं का?"

"आत्या, तू फक्त म्हण ना. जशी पूर्वी म्हणायचीस तशी."

"आमी काय गाणं म्हणत होताव का? दळता दळता तोंडात येतंय ते. असं मागितल्यावर कसं यील?"

तिने पदर तोंडाला लावला आणि हसू लागली. सून हसली, शेजारणी हसल्या. ते हसू तेवढे छान टिपले गेले, पण ओवी काही आली नाही.

आम्ही फार लाजलो. पुढे वाचनात आले की, ही चूक आमच्याही आधी मोठमोठ्यांनी केली आहे. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांवर रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९२२ साली 'नानूक ऑफ द नॉर्थ' काढला. अनुबोधपटांचा तो आद्य नमुना मानतात. तेथली माणसे तेव्हा बंदुका वापरू लागली होती, पण शिकार जुन्या भाल्यानेच करा, असा साहेबांचा आग्रह. बर्फाच्या घरात कॅमेऱ्यापुरता उजेड येईना म्हणून अर्धेच घर बांधले आणि नानूकच्या कुटुंबाला त्यात, उघड्यावर, निजायला आणि उठायला लावले. आम्ही आत्याचे जाते अंगणात आणले ते याहून निराळे काय होते?

न्यायाने बोलायचे तर जुन्या मंडळींची अडचणही समजून घ्यायला हवी. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली. देशातल्या प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी तिचा अनुबोधपट दाखवणे बंधनकारक होते. विश्राम बेडेकरांसारख्या लेखक-दिग्दर्शकाने लोकमान्य टिळकांवर तिच्यासाठी अनुबोधपट केला. परभणीच्या टॉकीजमध्ये आम्ही पोरे तेवढ्या वेळात भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायचो, हा आमचा करंटेपणा. पण त्या पटांतली खेडुत माणसे बहुधा मुकीच असत. त्यांचे ओठ हलत, आणि वरून एक धीरगंभीर आवाज त्यांच्याविषयी सांगे. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ३५ मिलिमीटरची हजार फुटांची रीळ अकरा मिनिटांत संपते. फीत महाग, कॅमेरा अवजड आणि आवाज टिपण्याचे यंत्र त्याहून अवजड. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून खांद्यावर नेता येतील अशी ध्वनिमुद्रण यंत्रे निघाली. तोवर माणूस आणि त्याचा आवाज एकाच वेळी, त्याच्याच ओसरीवर टिपणे फार थोड्यांना शक्य होते. म्हातारीला ओवी आठवेपर्यंत थांबायला कोणाच्या रिळीत एवढी फीत होती? आज आमच्या भाच्याच्या कॅमेऱ्यात तासन् तास मावतात. म्हणजे थांबण्याची सोय आपल्याला मिळाली आहे. ती वापरायची अक्कल तेवढी हवी.

आणि तरीही, काही माणसांनी त्या महाग फितीच्या काळातही वाट पाहिली नाही. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. लेखक आणि चित्रपट व्यवसायातले नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून ती चित्रित केली. तो जनसागर आज आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो, त्यात या एका माणसाच्या पदरमोडीचा वाटा मोठा आहे. हे आपण टिपले नाही तर उद्या ते असणार नाही, एवढे त्यांना त्या दिवशी कळले होते.

मला ते कळले नव्हते, आणि आता ती गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या घरात १९८२ साली टेपरेकॉर्डर आला. माझ्या नोकरीतल्या पहिल्या बचतीतून मीच आणला. आई तेव्हा साठीच्या आत होती. पिठाची गिरणी गावात कधीच आली होती, पण सणावाराचे पुरणाचे, मेतकुटाचे, थालिपिठाच्या भाजणीचे ती घरच्या जात्यावरच काढी. दिवाळीच्या आधी आत्या येई. नणंद-भावजय समोरासमोर बसत आणि पहाटे चारापासून घरभर ओव्या चालत. त्या आवाजाने आमची झोपमोड होई म्हणून मी डोक्यावर पांघरूण ओढून घेई. त्या टेपरेकॉर्डरवर मी काय भरले? रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. एका नामांकित बुवांचे कीर्तन भरले. भाचीचे बोबडे बोलही भरले. कोऱ्या फिती फडताळात पडून होत्या आणि आई पलीकडच्या खोलीत गात होती. २००१ साली ती गेली. तिचा आवाज आज कोठेही नाही. ध्वनिफीत मिळत होती, यंत्र चालू होते, वीजही होती. त्यामुळे कोणावर ठपका ठेवावा असे कोणी सापडत नाही.

जे मला घरात जमले नाही, ते परक्या माणसांनी महाराष्ट्रभर हिंडून केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्व्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. एक-दोन नव्हे, एक लाखाहून अधिक. १९९०च्या दशकात बेर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण करीत फिरले, आणि त्या फिरतीत ते आमच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसलाही आले. तेथल्या एका बाईंचा आवाज आज संगणकावर कोणालाही ऐकता येतो. पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या, जमेल तेथे चित्रफितींसह, लोकांपुढे ठेवल्या. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर यांनी धनगर आणि खंडोबा यांच्या अभ्यासात आयुष्य वेचले, आणि १९९२ साली वारण्यापूर्वी पंढरीच्या वारीवर आणि खंडोबावर चित्रपट केले. ताडकळसच्या त्या बाईंचा आवाज मी प्रथम ऐकला तेव्हा मला आनंद झाला, आणि लगोलग एक टोचणीही लागली. ताडकळस आमच्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा माझी आई जिवंत होती.

म्हणून मी आत्याकडे पुन्हा गेलो. या खेपेला काही मागितले नाही. नुसते विचारले, "आत्या, मग कसं करू?"

ती म्हणाली, "जातं आत ठिव. अन् पहाटं ये. ओवी अंधारातली हाय."

भाच्याचा चेहरा उतरला. अंधारात कॅमेऱ्याला काय दिसणार? पण दुसरा इलाज नव्हता. आम्ही जाते माजघरात नेऊन ठेवले. पहाटे चारला एक लहानसा दिवा कोनाड्यात लावला, घडी केलेल्या गोधडीवर कॅमेरा ठेवून चालू केला, आणि आम्ही दोघे ओसरीवर येऊन बसलो. आत आत्या आणि समोर तिची सून. सुनेनेही लहानपणी माहेरी दळले होते. थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग आत्याचा आवाज लागला. आधी देवाची नावे आली, मग माहेर आले, मग भाऊ, म्हणजे माझे वडील, आले. पंढरी आली. जनी आली आणि तिच्या जात्याला हात लावणारा विठोबा आला. शहाऐंशी वर्षांचा गळा मध्येच चिरके, तेव्हा जात्याची घरघर तेवढी जागा भरून काढी. आणि एका ओवीनंतर ती थांबली, जणू कोणाला सांगत असल्यासारखी म्हणाली, "ही वहिनीची," आणि पुढली घेतली.

ती वहिनी म्हणजे माझी आई. मी अंधारात ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो. भाच्याने माझ्याकडे पाहिले नाही, हे त्याचे शहाणपण.

तशा पाच ओव्या निघाल्या. प्रत्येकीनंतर आत्याने, "ही वहिनीची," असे सांगितले. स्वतःची म्हणून खपवली नाही, विसरलीही नाही. म्हाइंभटाची पोथी तिने पाहिलेली नाही. पण ज्याची आठवण त्याच्या नावावर, हा तिचा नेम त्याच जातीचा होता. सगळे मिळून एकेचाळीस मिनिटे झाली. जुन्या हिशेबाने साडेतीन हजार फुटांवर फीत लागली असती.

पडद्यावर म्हणाल तर फारसे काहीच नाही. दिव्याचा एक पिवळा ठिपका, जात्यावरून फिरणाऱ्या हातातल्या बांगड्यांची मधूनच चमक, बाकी काळोख. चित्रपट जुळवताना भाचा म्हणाला, "मामा, एवढा अंधार लोक बघतील का?" त्यातली साडेसहा मिनिटे आम्ही ठेवली. मग त्याने जरा चाचरत विचारले, "आणि आजी मध्ये मध्ये 'ही वहिनीची' म्हणतात, ते काढू की ठेवू?"

मी म्हटले, "तेवढं ठेव. बाकी हवं ते काढ."

गावातला पहिला खेळ आमच्याच अंगणात, दोन चादरी शिवून केलेल्या पडद्यावर झाला. घाटाची चित्रे झाली, देऊळ झाले, धारासूरच्या सुरसुंदरी झाल्या. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना गंगाखेडात येते, तीही झाली. लोकांनी माना डोलावल्या. मग माजघर आले आणि पडदा काळा झाला. पुरुषांच्या बाजूने ओरड झाली, "लाइट गेली काय?" कोणी तरी तारा हलवायलाही उठला. बायकांच्या बाजूला मात्र चिडीचूप होते. पडद्यावरची आत्या एक ओवी म्हणून श्वास घ्यायला थांबली, आणि तेवढ्या फटीत मागच्या रांगेतून, आजवर कधी चारचौघांत न बोललेल्या एका म्हातारीने पुढची ओवी धरली. तिच्यामागून दुसरीने धरली. आमच्या आळीतली शेवटची म्हणून मी आत्याचे नाव घेत होतो. त्या रात्री कळले की, गावात आणखी तिघी आहेत. त्यांना आजवर कोणी विचारले नव्हते, एवढेच.

भाच्याने त्या रात्री इतिहास कुठे आहे हे विचारले नाही. त्याने त्या तिघींच्या घराचे पत्ते विचारून घेतले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर फराळाचे डबे उघडलेले असतील, परगावची मुले-नातवंडे आलेली असतील. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले. तोवर हजाराहून अधिक मूकपटांपैकी बहुतेक सगळे नाश पावले होते. संग्रहालयाला त्यांतले मोजकेच वाचवता आले. आपल्या घरातल्या आवाजांसाठी तर तसले संग्रहालयही नाही. तेव्हा एवढेच सांगतो. तुमच्या घरी कोणी आजी, आत्या, पणजोबा असतील, तर या चार दिवसांत त्यांच्यापाशी बसा. कॅमेरा हल्ली प्रत्येकाच्या खिशात असतोच. त्यांना उजेडात ओढू नका, 'म्हणून दाखव' असा हट्ट धरू नका. त्या जेथे बसतात तेथे बसा, जे काम करतात त्याला हात लावा, आणि वाट पाहा. जे येईल ते कोणाचे म्हणून येते, तेही लिहून ठेवा.

आमच्या आत्याचे जाते आता न्हाणीपाशी नाही. माजघरातच आहे. सून कधीमधी त्यावर मेतकूट काढते. पीठ जाडसर निघते अशी तिची तक्रार आहे. टाकी पुन्हा लावायला झाली आहे.